दिंडोरीच्या नोझलची चौकशी

सातपूर, नाशिक

प्रिय चैताली,

तुझे तीन वर्षांचे ताळेबंद मिळाले. बँकेत कर्जाचा अर्ज देण्याआधी फक्त चुका काढा, असं तू लिहिलं होतंस. चुका दोनच निघाल्या, त्याही टायपिंगच्या. पण एखाद्या धंद्याचे कागद हातात आले की मला तेवढ्यावर थांबता येत नाही, हे तुला माहीत आहे.

तू सहावीत असताना मी तुला आमच्या शेजारच्या कारखान्याच्या गेटसमोर तासभर उभं केलं होतं. त्यांचे शेअर घ्यायचं मनात होतं. अहवाल वाचून झाला होता, माणसं बघायची राहिली होती. गेटवरच्या चहावाल्याला विचारलं, इथले कामगार नोकरी सोडून जातात का? तो म्हणाला, "जातात की, रिटायर झाल्यावर." आठवड्याभरात शेअर घेतले. नंतर दोनदा भाव निम्म्यावर आला, पण धंदा चांगला चालला होता, म्हणून एकही विकला नाही.

तुझ्या बाबतीतही तेच केलं. मंगळवारी तुला न सांगता एसटीने दिंडोरीला गेलो आणि तुझ्या नोझलच्या शेडकडे न वळता सरळ द्राक्षबागांत शिरलो. मल्हारी नावाचे एक बागायतदार भेटले. फवारणीच्या ब्लोअरला नोझल घ्यायचेत, कुणाचे घेऊ, असं विचारलं. ते म्हणाले, "चैतालीताईंचे घ्या. महाग हायेत, पण दोन हंगाम झाले, बदलावे लागले नाय. एक तुंबला तर ताई स्वतः आल्या, भर फवारणीत." मी तुझा बाप आहे हे सांगायचा मोह कसाबसा आवरला. निघताना त्यांनी द्राक्षांची पेटी हातात दिली. खोटं बोलून आणलेली ती द्राक्षं तुझ्या आईने फार आवडीने खाल्ली.

आता आकडे. कर्ज नाही, विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर येतात, हे उत्तम. पण निम्मा माल ब्लोअर बनवणारा एकच कारखानदार उचलतो. उद्या तो फिरला तर तू अडचणीत येशील. आणखी गिऱ्हाइकं जोड. दुसरं, तू स्वतःला पगार फार कमी लावतेस, त्यामुळे नफा आहे त्याहून जास्त दिसतो. मी तुला रास्त पगार धरून पुन्हा मांडणी केली. तरीही नफा उरतो. तेव्हा मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेलो आणि तुझ्या आईला ते दोनदा सांगितलं.

पुण्याची नोकरी सोडलीस तेव्हा, चालू पगार सोडून नोझल कोण बनवतं, असं मी म्हणालो होतो. मागाहून पैसे देऊ केले, तर तू मदत नको म्हणालीस. बरोबर केलंस. अनोळखी कंपनीसाठी मी वर्षभर अभ्यास करतो, तुझ्या धंद्याबद्दल एक प्रश्नही न विचारता मत देऊन मोकळा झालो होतो.

म्हणून हे पत्र. बँकेचा अर्ज थोडे दिवस थांबव. लाभांशाचे पैसे साठलेत, मनासारखा धंदा मिळेना म्हणून तीन वर्षं नुसते पडून आहेत. नव्या मशीनसाठी ते मी घालतो, मला पाचवा हिस्सा दे. किंमत तू ठरव. जास्त लावलीस तर मी घासाघीस करणार. नाही म्हणालीस तरी रविवारी जेवायला यायचं, असं आईने बजावलंय. आजवर इतक्या कंपन्यांत भागीदार झालो, कुठल्याही मालकाची परवानगी घ्यावी लागली नाही. आज पहिल्यांदाच विचारतो आहे. घेशील मला?

तुझाच,
बाबा