हक्कसोड नको, खरेदीखत कर

माह्या लाडक्या धम्मदीप,
ताईचा सप्रेम जयभीम.

काल दारव्ह्याच्या रजिस्ट्री ऑफिसातून मी सही न करता उठून आली, तेव्हा तुह्या डोळ्यात पाणी होतं. बाबाच्या घरातला हिस्सा ताई देत नाही, असं वाटलं काय रे तुले?

पैसे तर तू मले पुरे देऊन राह्यला. पण अर्जनवीसानं कागदावर लिहिलं, ‘बहिणीने विनामोबदला हक्क सोडला.’ खरेदीखत केलं तर तुले स्टॅम्प ड्युटी जास्त लागते अन् मले इन्कम टॅक्स, म्हणून तूच तसं लिहाले सांगतलं. माह्याच भल्यासाठी सांगतलं, हे समजते मले.

पण मायनं मामाले हक्कसोड लिहून दिली अन् एक लुगडं घेऊन आली. आत्यानं बाबाले दिली, तिले तर नुसता चहा भेटला. त्या घराच्या विटा मीबी वाहिल्या, तुले निंबाखाली झोपवून.

तू खरेदीखतच कर. ड्युटीचा जादा खर्च माह्या पैशातून काप.

हे पत्र मी धाडत नाही. वाचशील तर पैसे देऊन वरून घरातला हिस्साही माह्याच नावानं ठेवशील, येडा आहे तू. सोमवारी मीच येते, तुह्यासाठी झुणका-भाकर घेऊन.

अन् टॅक्सची फिकर करू नको. ज्याचं काही असते त्यालेच टॅक्स लागते. आपल्या घरच्या बायांले आजवर कधी लागला नाही. मी पहिली.

तुही ताई,
विशाखा