सी मध्ये टाकलेली नागपूरची राइड

नमो बुद्धाय. जय भीम.

मी, प्रेमानंद धोंडबा गजभिये, वय त्रेसष्ट, राहणार हुडको, भिलाई, जिल्हा दुर्ग, पोलाद कारखान्याच्या देखभाल विभागातून निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या घरात, माझ्याच टेबलावर, माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भाग पाडलेलं नाही. उलट माझी पत्नी विजया आठ दिवसांपासून "हे अभद्र लिहिणं बंद करा" म्हणून मागे लागली आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. विजयाचं मत वेगळं आहे, पण तिचा दाखला लागत नाही.

लिहिण्याचं कारण असं, की नऊ जानेवारीला रायपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव ठीक होतात. मी चौतीस वर्षं कारखान्यात शटडाऊनचं नियोजन केलं. म्हणजे भट्टी किंवा मिल थोडे दिवस बंद ठेवून दुरुस्तीची कोणती कामं कोणत्या क्रमाने करायची, ते ठरवलं. त्या नोकरीत मला पगार उरलेल्या तिघांचा विचार करण्यासाठीच मिळत होता. निवृत्त झालो तरी ती सवय सुटलेली नाही.

कलम १. हुडकोचं घर आणि त्यातलं सामान विजयाचं, तिच्यानंतर आमची एकुलती एक मुलगी प्रेरणा हिचं. घराबरोबर काही काळज्याही जातात, त्या नोंदवतो. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उलटा बसला आहे, डावीकडे फिरवला की बंद होतो. मागच्या दाराची कडी दोनदा ओढून पाहावी. गॅस बंद आहे का ते बघायला मी रोज अंथरुणातून परत उठतो. विजया म्हणते, तो तिने आधीच बंद केलेला असतो. तरी कोणीतरी उठत जावं.

कलम २. बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, सगळीकडे विजयाचं नाव लागलेलं आहे. कागद लोखंडी कपाटात हिरव्या फाइलमध्ये आहेत. त्यांच्या झेरॉक्स दुसऱ्या हिरव्या फाइलमध्ये आहेत.

कलम ३. सायकली. काळी जुनी सायकल, जिच्यावर मी वीस वर्षं ड्यूटीला गेलो, ती आमच्या दूधवाल्या चिंधूला द्यावी. त्याने ती अकरा वेळा मागितली आणि मी अकरा वेळा 'बघू' म्हटलं. ते बघणं इथे संपलं.

लांब पल्ल्याची निळी सायकल प्रेरणाला देऊ नये. हे वाचून तिला वाईट वाटेल म्हणून कारण लिहितो. ती फ्रेम माझ्या मापाची आहे, तिला चार बोटं मोठी पडते. बापाची आठवण म्हणून ती हट्टाने चालवेल आणि गुडघ्यांची वाट लावून घेईल. निळी माझा अहिवाऱ्याचा पुतण्या प्रफुल याला द्यावी. अट एकच, चुनखडीच्या डंपरांच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर त्याने ती काढू नये. तिसरी सायकल लाल. ती प्रेरणाचीच आहे, तिच्या बँकेच्या पगारातून घेतलेली. ती माझ्या यादीत चुकून आली. खोडत नाही, कारण गेली तीन वर्षं माझ्या डोक्यात तिचाच विचार असतो.

कलम ४. चाक सरळ करायचा स्टँड आणि हत्यारांची पेटी हेमराज कटरे याला द्यायची होती. हेमराज म्हणजे निवृत्त क्रीडाशिक्षक आणि माझा चाळीस वर्षांचा मित्र. पण वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नका, ते टिकत नाही. हेमराजपेक्षा खरा साक्षीदार मला मिळणार नाही, म्हणून स्टँड आणि पेटी प्रेरणाला. हेमराजने तिच्याकडून मागून वापरावी. त्यासाठी दोघांना एकमेकांशी बोलावं लागेल. ते का बोलत नाहीत, हे पुढे येईल.

कलम ५. आमच्या सायकल मंडळीतल्या, दुर्गच्या पद्मनाभपूरच्या एका सभासदाने २०१९ साली माझा हवेचा पंप नेला. नाव लिहीत नाही, त्याला ठाऊक आहे. याच गृहस्थाने मी दर वर्षी करतो त्या राइडच्या तक्त्याला चारचौघांत "गजभियेसाहेबांचा भीतीचा तक्ता" म्हटलं होतं. पंप ठेवावा, शब्द परत घ्यावा, असं मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. आता वाटतं, शब्दही त्याच्याकडेच राहू द्यावा. तो अगदीच चुकलेला नव्हता.

कलम ६. तक्ता. आमच्या 'रविवार सायकल मंडळी'त तीसेक माणसं आहेत. दर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळे आमच्या अंगणात जमतात, विजया पोहे करते आणि मी पुढच्या वर्षाचा तक्ता वाचून दाखवतो. बारा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. पद्धत कारखान्याची. ए म्हणजे वर्षातली एकच मोठी राइड. सराव, सुट्ट्या, मागची गाडी, सगळं तिच्यासाठी राखून ठेवायचं. बी म्हणजे ए ला धक्का लागत नसेल तर करायची. सी म्हणजे माणसं जमली तर बघू. लोक दोन-तीन ए मागतात, देऊ नयेत. सगळंच महत्त्वाचं म्हणणारे ऑगस्टपर्यंत पाठदुखी धरून घरी बसतात, हे मी बारा वर्षं पाहिलं आहे.

२०२६ साठी माझी मांडणी अशी. फेब्रुवारीत सिरपूर, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, बी. चौदा एप्रिलच्या रॅलीला प्राधान्य लावायचं नसतं, तिथे जायचंच असतं. मे-जून कोरे ठेवावेत. तीन जूनला जागतिक सायकल दिवस येतो, पण तो ठरवणाऱ्याने भिलाईचं ऊन खाल्लेलं नाही. ऑगस्टमध्ये तांदुला धरण, सी, कारण त्या दिवशी लोकांचं लक्ष सायकलीपेक्षा भज्यांवर असतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी हेमराजची शाळकरी मुलांची रॅली, बी. मसुद्यात ती ऑक्टोबरात होती.

आणि ऑक्टोबरात, अशोक विजयादशमीला, भिलाई ते नागपूर, दीक्षाभूमी. दोनशे साठ किलोमीटर, मुक्काम साकोली. हिच्यापुढे मी मसुद्यात सी लिहिलं होतं. हे सलग चौथं वर्ष.

कलम ७. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

शटडाऊनच्या मीटिंगमध्ये एखादं काम करायचं नसलं तर ते नाकारायचं नसतं. नाकारलं की भांडण होतं, कागद वरपर्यंत जातो. ते गुपचूप सी मध्ये टाकायचं. सी मधल्या कामाला कोणी नाही म्हणत नाही आणि कोणी हातही लावत नाही. ही विद्या मी कारखान्यात शिकलो आणि घरी आणून माझ्या मुलीवर वापरली.

२०२२ साली प्रेरणा आणि मी मंडळींबरोबर नागपूरला गेलो. देवरीच्या अलीकडे जंगलात एक ट्रेलर तिला इतका चिकटून गेला, की त्याच्या वाऱ्याने ती रस्त्याच्या कडेला गवतात जाऊन पडली. मी पन्नास पावलं मागे होतो. ती उठली, कपडे झटकले आणि हसून म्हणाली, "बाबा, चेन उतरली फक्त. चला." मला ब्रेक कुठे आहे तेच सुचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीच्या पायरीवर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही आलं. मंडळींना वाटलं, दोघंही भारावले. ती भारावली होती. मी घाबरलो होतो, आणि त्या दिवसापासून घाबरलेलाच आहे.

ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची कमावती मुलगी. तिला 'जाऊ नको' म्हणायची माझी हिंमत नव्हती. मागची गाडी म्हणून आम्हाला हेमराजचीच व्हॅन असते. त्याला मी मुलांच्या रॅलीची तारीख विचारली, तर म्हणाला, "कोनताबी रविवार टाक ना बे, मले काय!" मी बरोबर विजयादशमीच्या आठवड्यातला टाकला. व्हॅन रॅलीत अडकली, नागपूर सी मध्ये गेलं. २०२३, २०२४, २०२५, तिन्ही वर्षं तेच.

प्रेरणा तक्ता बघून म्हणायची, "हेमराजकाकाले पूरे साल में हाच हप्ता सापडते का?" मग तिने त्याच्याकडे जाणं सोडलं, नंतर बोलणंही सोडलं. हेमराजने मला एकदा विचारलं, "पोरगी कावून रुसली रे माह्यावर?" मी म्हणालो, कामाचा ताण असेल. आणि पुन्हा पोहे खाऊ लागलो. हेमराज, तुझं काहीच चुकलेलं नाही. तुझ्या चांगुलपणाआड मी लपलो. मी तुझी माफी मागतो, आणि प्रेरणाचीही.

कलम ८. तक्ता यापुढे प्रेरणाने करावा. २०२६ ची ए राइड नागपूरची.

हे लिहून मी पाकिटाला डिंक लावायला घेतला आणि हात थांबला. हे पाकीट उघडणार कधी? मी मेलो तर. म्हणजे मी मेलो तर प्रेरणाला नागपूर मिळणार, हेमराजवरचा ठपका जाणार. आणि मी सत्त्याण्णवांतला निघालो, तर पाकीट कपाटात, नागपूर सी मध्ये आणि ती दोघं अबोल. मुलीचं भलं स्वतःच्या मरणाला बांधून मी बरा व्हायला रायपूरला निघालो होतो. विजया चहा घेऊन आली तेव्हा मी तसाच बसलो होतो.

"काय झालं? असे कावून बसले?"

मी तिला सातवं कलम वाचायला दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं. मग कप टेबलावर ठेवून म्हणाली, "मंग मरायची वाट कावून पाहून राहिले? रविवारी सारे येतातच. वाचा."

पुरवणी, रविवारी सकाळी, सही करण्याआधी लिहिलेली.

आज मंडळी जमली तेव्हा तक्त्याऐवजी मी सातवं आणि आठवं कलम वाचलं. वकीलबाईंना हे पसंत पडणार नाही. शेजारच्या अनुजा वासनिक, ज्या परिचारिका आहेत, त्यांनी न विचारता माझी नाडी धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

हेमराज पहिल्यांदा बोलला. "तीन साल झाले गजभिये. रस्त्यात दिसली का पोरगी मान फिरवे. मी घरी जाऊन बायकोले विचारो, माह्याकडून काय चुकलं असन?" त्याने मला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

प्रेरणा पायरीवर बसली होती. तिने आधी हेमराजकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा, मी जाऊन आली."

"कुठं?"

"नागपूर. या साली. मी मैत्रिणीकडे, सीमाकडे, रायपूरले नव्हती गेली. झूठ बोली थी मैं. अकेली गई थी, सायकल से."

विजयाने हातातली पोह्यांची कढई खाली ठेवली.

"क्लबची राइड नाही, गाडी नाही, मंग विचारायचं कोनाले? देवरीच्या जंगलात टायर फाटला. दोन्ही ट्यूब गेल्या. घंटाभर उभी होती. तुमाले फोन लावला. एक रिंग गेली आन् मीच कापला. म्हटलं, तुमी घाबरसान."

तो मिस्ड कॉल मला आठवतो. दुपारी दोनच्या सुमाराचा. मी उलट फोन केला, तर ती म्हणाली होती, "चुकून लागला बाबा." आणि गॅस बंद आहे का ते बघायला रोज उठणाऱ्या मी ते खरं मानलं.

"मंग?" विजयाने विचारलं.

"मंग एक ट्रेलरवाला थांबला. सरदारजी होते. देवरीपर्यंत सोडलं त्यायनं, टायर भेटेपर्यंत दुकानात बसून राहिले."

कारखान्यात एकट्या माणसाला धोक्याच्या जागी आत पाठवायचं परमिट मी चौतीस वर्षांत कधी दिलं नाही. माझी मुलगी त्या रस्त्यावर एकटी होती, आणि तिला एकटं मी पाडलं होतं. भीतीने मी जे टाळायला निघालो, तेच मी घडवलं. हे मला सर्वांसमोर म्हणायचं होतं, ते राहिलं, म्हणून इथे लिहितो. प्रेरणा, मला माफ कर.

ती उठून आधी हेमराजच्या पाया पडायला गेली. त्याने तिला मध्येच धरलं आणि म्हणाला, "पाया नोको पडू. व्हॅनचं डिझेल भरून देजो." मग दोघंही रडले आणि पोहे गार झाले.

त्यानंतर तक्ता तिच्या हातात दिला. तिने माझ्याच टेबलावर बसून सी वर काट मारली आणि ए लिहिलं. सुटायचं एकोणीस ऑक्टोबरला पहाटे, पोचायचं वीसला. पुढे प्रेरणा. मागची गाडी, चालक हेमराज कटरे. गाडीत टायर, ट्यूबा, पाणी आणि पंप घेऊन बसणारा माणूस म्हणून मी माझं नाव सांगितलं. तिने ते लिहिलं आणि पेन धरून थांबली. आमच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे बदली माणसाचं नाव लागतं. तो रकाना रिकामा ठेवू द्यायचा नाही, हा नियम मीच केलेला आहे.

"बाबा, बदली कोन लिहू?"

डॉक्टर सत्त्याण्णव म्हणतात. उरलेले तीन मला कालही दिसत होते, आजही दिसत आहेत. मी तिला सांगितलं, काही लिहू नको. मला यायचं आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, आज परत वाचला आणि तो मला कबूल आहे. याची अंमलबजावणी वेळ येईल तेव्हा विजयाने करावी. आठव्या कलमाची मात्र आजपासून सुरू झाली आहे.

सही
प्रेमानंद धोंडबा गजभिये

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: हेमराज कटरे, निवृत्त क्रीडाशिक्षक, मोहन नगर, दुर्ग
साक्षीदार २: अनुजा वासनिक, परिचारिका, हुडको, भिलाई. (सहीच्या वेळी नाडी ब्याऐंशी, नियमित.)

ठिकाण: हुडको, भिलाई
दिनांक: २८ डिसेंबर २०२५, रविवार