कंबरेचे माप आणि दुकानाचा ताबा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय शिंपी, आजही सुईत दोरा पहिल्या प्रयत्नात ओवतो. यावरून माझी दृष्टी व बुद्धी दोन्ही शाबूत असल्याचे मानावे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. पत्नीने दोनदा, "अहो, आधी जेवून घ्या, मग मरा सावकाश," असे सुचवले. ते दडपणात धरलेले नाही.

१. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, पत्नीचे. तिला न विचारता कोणी त्यातला खिळाही हलवू नये.

२. माझा शब्दकोश दुकानाची पाटी रंगवणाऱ्या पेंटरास द्यावा. ‘शिवून’ या शब्दातील ‘शि’ त्याने दीर्घ काढला. तो दीर्घ मी बावीस वर्षे डोक्यावर वागवला आहे.

३. मापवह्या, एकूण एकतीस, फेकू नयेत. गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या कंबरा त्यांत आहेत. गिऱ्हाईक म्हणते, "पँट धुण्यात आटली हो." आम्ही मान डोलावतो, शिवण उसवतो, आत राखलेल्या जास्तीच्या कापडातून कंबर वाढवून देतो आणि आकडा कधीही मोठ्याने उच्चारत नाही. धंद्यातली ही सभ्यता मी वडिलांकडून शिकलो. तिच्यापायी धाकट्या भावाचे माझ्या हातून जे नुकसान झाले, ते येथे नोंदवतो.

धाकटा छापखान्यात यंत्र चालवी. चाळिशीनंतर त्याची पँट मी चार वेळा सैल केली, चारही वेळा मुकाट्याने. शेहेचाळिसाव्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला. रक्तदाब कित्येक वर्षे चढलेला असावा, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो मोजून घे, असे त्याला कोणी म्हटले नव्हते. त्याची नोकरी गेली. त्याला सांभाळायचे म्हणून भावजयीचीही गेली. पुतणी शिक्षण सोडून कामाला लागली. शेवटी तीच पँट मी सहा इंच आत घेतली.

४. बँकेतील ठेव अर्धी भावजयीस. उरलेल्या अर्धीच्या व्याजातून दुकानातील दोन्ही कारागिरांची साखर व रक्तदाब दर वर्षी तपासून घ्यावा आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कापू नये. कारागीर अंथरुणाला खिळला, तर यंत्र आपोआप चालत नाही.

५. दुकान, चार यंत्रे व माझी कात्री मुलाची. पण एका अटीवर. त्याचे वय बेचाळीस, कंबर त्याहून एक इंच जास्त. दुपारभर पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करतो आणि यंत्रावरून उठताना टेबलाचा आधार घेतो.

"बाबा, गणवेशांचं एवढं काम अंगावर आहे. तपासायला वेळ कुठंय?"

"अर्धा दिवस जाईल."

"मला काय धाड भरलीये? दगड पचवतो मी!"

"तुझा काकाही हेच म्हणायचा."

यावर तो गळ्यातला टेप टेबलावर आपटून निघून गेला. सबब, तपासणीचा कागद दाखवल्याशिवाय त्यास किल्ल्या देऊ नयेत. तोवर जो कारागीर त्याची पँट सैल करील, त्याने आकडा सर्वांदेखत, खणखणीत आवाजात उच्चारावा.

६. (हे कलम नऊ दिवसांनी लिहिले आहे. साक्षीदार डॉक्टरीणबाई परगावी असल्याने सह्या राहिल्या होत्या.) दरम्यान मुलाने कलम पाच चोरून वाचले. चौथ्या दिवशी मापवही माझ्यापुढे उघडून म्हणाला, "काकाचं पान बघितलं, बाबा. माझं अगदी तसंच चाललंय." आणि उपाशीपोटी तपासणीला गेला.

साखर वाढलेली निघाली. पण वेळेवर सापडली. तूर्त गोळी नको. चालणे हवे व खाण्याला लगाम हवा. अट माझ्या हयातीतच पुरी झाल्यामुळे दुकान आजपासून त्याचे.

"म्हणजे आता मालक मी?" त्याने विचारले.

"होय."

"मग पहिला हुकूम ऐका. मी रोज सातला चालायला जाणार. दुकान तुम्ही उघडायचं. खाडा चालणार नाही!"

एवंच, प्रस्तुत मृत्युपत्राची अंमलबजावणी लांबणीवर पडत आहे. वारसांनी गैरसोयीबद्दल क्षमा करावी.

सही: शिंपी (निवृत्तीची परवानगी नाकारलेला)

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सहीपूर्वी माझा रक्तदाब मोजला, ठीक) २. शेजारचा न्हावी (त्याचाही मोजला, उद्या पुन्हा बोलावले आहे)

ठिकाण: दुकान, कापड कापण्याचे टेबल

दिनांक: बुधवार, ११ जून, सकाळचे साडेसात. मालक अद्याप परतलेले नाहीत.