ताठ पाठीची खुर्ची

प्रिय टिल्ल्या,

चाळिशी गाठलेल्या, बस चालवणाऱ्या, दोन पोरांच्या बापाला टिल्ल्या म्हणू नये हे मला कळतं. पण आज जे लिहायचंय ते तुझ्या खऱ्या नावाने लिहायला हात धजत नाही. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "बोल ताई पटकन, गाडी सुटतेय" म्हणतोस आणि मी "जेवलास का" एवढंच विचारून ठेवून देते. तेव्हा हे एकट्याने वाच आणि मध्येच घडी घालून खिशात टाकू नकोस. विषय मूळव्याधीचा आहे. लिहिला बघ एकदाचा शब्द. खोडला होता, पुन्हा लिहिला.

बाबांच्या खुर्चीवरची ती हवा भरायची रबरी गोल गादी आठवते तुला? आपल्याला वाटायचं, कर्त्या माणसाला असा काहीतरी मान असतो. एका सुट्टीत तू ती पळवून तलावावर नेलीस आणि तिच्यात बसून तरंगलास, सगळ्या गल्लीदेखत. बाबा रागावले नाहीत. नुसते खुर्चीजवळ उभे राहिले. आई म्हणाली, "त्यांचं पोट बरं नाही, शहाण्या." आपल्या घरात कमरेखालच्या सगळ्यालाच पोट म्हणायचे. बाबा लग्नकार्यात मागे भिंतीला टेकून उभे असायचे, आपल्याबरोबर सिनेमाला कधी आले नाहीत, आणि आपण त्यांना माणूसघाणे ठरवून मोकळे झालो. ते डॉक्टरकडे एकदा तरी गेले होते का, हे मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही आपण.

माझं मागच्या वर्षी सुरू झालं. आमचं काम तुला ठाऊक आहे, छापखान्यातलं मुद्रितशोधन. जोडीदारीण मूळ मजकूर मोठ्याने वाचते आणि मी छापलेल्या कागदावर बोट फिरवत चुका काढते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच जागी. आधी नुसतं टोचल्यासारखं व्हायचं. मग एक दिवस संडासात रक्त दिसलं. टिल्ल्या, मी भिंतीला धरून उभी राहिले. बाहेर येऊन चहा केला, तुझ्या भावजींना दिला, त्यांनी "काय गं, चेहरा का उतरलाय?" विचारलं, तर मी म्हणाले, "पाठ भरून आलीय." रोजनिशीतही तेच लिहिलं. जी वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही, तिच्यात मी खोटं कुणासाठी लिहीत होते?

मग घरगुती उपाय. तिखट बंद केलं, बुडाखाली शाल घडी करून ठेवली. मलम आणायला मुद्दाम लांबच्या औषधांच्या दुकानात गेले, तर तिथला पोरगेलासा दुकानदार आतल्या माणसाला ओरडून विचारतो, "मूळव्याधीचं मोठं देऊ की छोटं?" दुकानात गर्दी. मी म्हणाले, "शेजारच्या आजोबांसाठी हवंय." तो म्हणाला, "मग मोठंच न्या, आजोबांना पुरेल."

बसणं होईना, तेव्हा छापखान्यात मी उभ्याने काम करायला लागले. उंच रॅकवर कागद पसरायचे आणि वाचायचं. विचारलं की पाठ. बिचाऱ्यांनी खरं मानलं. एकीने पट्टा आणला, एकाने तेल, बाइंडिंगच्या काकांनी जमिनीवर झोपायचा सल्ला दिला. आणि एका शनिवारी दुपारी सगळ्यांनी मला मधल्या खोलीत बोलावलं. सुताराकडून खास बनवून घेतलेली खुर्ची! पाठ ताठ राहावी म्हणून सरळसोट लाकडी, बैठक कडक फळीची, गादी मुद्दाम नाही, कारण गादीने पाठ बिघडते असं कुणीतरी सांगितलेलं. वर रिबीन. "बसा, बसा!" म्हणून सगळे टाळ्या वाजवायला लागले. काय करणार? बसले. डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. टाळ्या आणखी जोरात.

माझ्या जोडीदारणीला मात्र शंका आली. वर्षानुवर्षं माझ्यासमोर बसून तिला माझं तोंड पाठ झालंय. सगळे पांगल्यावर तिने दार लोटलं आणि म्हणाली, "पाठबीठ काही नाही तुझी. बस की नीट! बसता येत नाही ना?" मी मान हलवली. "रक्त जातं?" पुन्हा मान. "अगं बाई, मग मला सांगायला काय झालं होतं? धाकट्याच्या वेळी बाळंतपणात माझं काय झालं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही म्हणून तुला माहीत नाही." मग आम्ही दोघी त्या खुर्चीकडे बघून इतक्या हसलो की माझी कळ आणखी वाढली. सोमवारी तिने मला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन बसवलं. म्हणजे, उभं केलं.

तिथलं सगळं सांगते, कारण मला भीती कळ येण्याची नव्हती, तपासणीचीच होती. कुशीवर निजायचं, अंगावर चादर असते, बोटाने आणि लहानशा नळीने बघतात. संकोच वाटतो, पण मला वाटलं होतं त्याच्या मानाने फार लवकर संपलं. बाई मधूनमधून माझ्या कामाबद्दल विचारत होत्या. मग म्हणाल्या, "मूळव्याध आहे हे दिसतंय. पण चाळिशीनंतर रक्त जात असेल तर नुसत्या मूळव्याधीवर खापर फोडून मी गप्प बसत नाही. आतूनही बघू." म्हणून दुर्बिणीने आतडं तपासलं. गुंगीचं औषध देतात, काही कळत नाही. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध पिताना मात्र जीव नकोसा होतो. आत काही निघालं नाही. तो निकाल ऐकला तेव्हा मला कळलं, मी इतके महिने कशाला भीत होते ते.

पुढचं सोपं होतं. भरपूर पाणी, भाज्या-फळं, रात्री इसबगोल, संडासात कुंथायचं नाही आणि मोबाईल घेऊन बसायचं नाही, कोमट पाण्याच्या टबात थोडा वेळ बसायचं. तरी रक्त थांबेना, तेव्हा मूळव्याधीच्या कोंबाला बारीक रबरी कडी बसवली. तो कोंब सुकून गळून गेला. दोन दिवस ठणकलं, मग नाही. आता मी बसून काम करते. खुर्ची तीच आहे, वर जोडीदारणीने शिवलेली जाड गादी.

आता हे सगळं तुला का लिहितेय ते. परवा तुझ्या बायकोचा फोन आला. तुला न सांगता केला, तिच्यावर चिडू नकोस. तुझं रक्त जातंय, उन्हाळ्यापासून. माझं तुला भावजींकडून कळलं होतं म्हणे, आणि ती डॉक्टरांकडे चल म्हणाली की तू म्हणतोस, "ताईला होतं तेच, खानदानी आहे." मग तिने मला विचारलं, "ताई, तुमचं वजन उतरलं होतं का हो?" मी नाही म्हणाले. तेव्हा ती म्हणाली, तुझं उतरतंय. पट्ट्याला नवीन भोकं पाडून घेतलीस म्हणे. टिल्ल्या, माझं जे निघालं ते माझं. त्यावरून तुझं ठरत नाही. बहुतेक साधंच असेल, पण ते तू आणि मी घरी बसून म्हणायचं नाही. तुमच्या गावातल्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ मी घेतलीय आणि बुधवारी संध्याकाळच्या गाडीने येतेय. आत तुझ्याबरोबर येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. हवं तर भांड माझ्याशी, पण नंतर. डेपोत रजा टाक. कारण विचारलं तर सांग, बहीण येतेय. ते खोटंही नाही.

तुझीच, वाट बघायला लावू नकोस म्हणणारी,
ताई