शिंदीच्या नळीवरचे नाव

मी, करिष्मा सोम्या कामडी, मूळ राहणार सूर्यमाळजवळचा पाडा, तालुका मोखाडा, जिल्हा पालघर, सध्या नोकरीसाठी नाशिक, हा कागद शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे तीस. तो दाखला गुरुजींनी अंदाजाने भरला. आमच्या वर्गातल्या सगळ्यांचा वाढदिवस एक जूनलाच येतो. आई म्हणते मी नागली कापायच्या वेळची, म्हणजे एकोणतीसच पूर्ण. पुढे वयावरून कोणी हरकत घेऊ नये म्हणून दोन्ही लिहून ठेवते.

माझे मन शांत आहे असे मात्र लिहीत नाही. मृत्युपत्राला बुद्धी शाबूत लागते, मन शांत असावे लागत नाही, हे मी जव्हारच्या ॲड. हर्षदा दोरे यांना दोनदा विचारून घेतले आहे.

एक. कागद आत्ताच का, ते आधी सांगते. चार नोव्हेंबरला माझ्या पाठीवर शस्त्रक्रिया आहे. अठरा वर्षांची असताना मे महिन्यात झऱ्यावरून हंडा आणताना मी दगडावरून घसरले. मणका दुरुस्त झाला, पण डाव्या पायातली आग गेली नाही. अकरा वर्षे तो पाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखा आहे. आता कमरेजवळ कातडीखाली काडेपेटीएवढे यंत्र बसवतील आणि त्यातून एक बारीक तार मणक्यापर्यंत नेतील. तार हलकी वीज सोडते, म्हणजे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. ही तार जागेवरून सरकू नये म्हणून तिच्यावर एक विणलेली नळी चढवतात. ती नळी मी काम करते त्या कंपनीने केली. कोणी केली ते कलम सहामध्ये खुलासेवार आहे, कारण हा सगळा कागद त्या कलमासाठी आहे.

कंपनीतली म्हणून माझा नंबर पुढे घेऊ का, असे मला विचारले गेले होते. मी रांगेतच थांबले. अकरा महिने लागले.

दोन. मी वारले तर दहन करण्यापूर्वी यंत्र शरीरातून काढून घ्यावे. त्यात बॅटरी असते, आगीत ती फुटते, जवळच्यांना इजा होईल. यंत्र, तार आणि नळी न धुता कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवावी. तार जागेवरून किती सरकली ते मोजावे. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी सरकली असेल, तर तेवढे आईला सांगावे. जास्त सरकली असेल तरी सांगावे. तिला खोटे चालत नाही.

तीन. पाड्यावर घरामागे मी बांधलेली सिमेंटची पाण्याची टाकी माझा भाऊ उमेश याची राहील. अट एकच: मार्च ते जून टाकीला कुलूप लावायचे नाही आणि पाड्यातल्या कोणाला नाही म्हणायचे नाही. झऱ्यावर जाणारी पुढची मुलगी घसरायला नको. माझा फोन आणि स्कूटरही उमेशला. स्कूटरचा मागचा ब्रेक लागत नाही, हे मी त्याला तोंडी सांगितले आहे, इथेही सांगते.

चार. नाशिकच्या खोलीतला सूक्ष्मदर्शक, डाग देण्याची (सोल्डरिंगची) बंदूक, चिमटे, लॅपटॉप आणि सगळी पुस्तके उमेशची मुलगी प्रगती हिला. ती सातवीत आहे. तिने यंत्रे उघडून बिघडवली तरी ओरडू नये. मोठेपणी कोण होणार, असे तिला उठसूट विचारू नये. बँकेतली माझी शिल्लक तिच्या शिक्षणासाठी ठेवावी.

पाच. वसतिगृहात असताना आमच्या गृहपालबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "कामडी, तुझ्या डोक्यावर हंडाच शोभतो." त्यांचे नाव लिहीत नाही, कारण त्या हयात आहेत आणि कदाचित विसरल्याही असतील. त्यांना माझ्या पदवीची एक छायाप्रत पाठवावी. सोबत चिठ्ठी नको. हे सूडाने लिहिले आहे का, याचा मी बराच विचार केला. थोडेसे आहे. तरी पाठवावी.

सहा. आता नळीविषयी.

आमच्याकडे आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत बोटाला विळा लागला तर त्यावर पाला ठेवतात आणि वरून शिंदीच्या पातीची विणलेली नळी चढवतात. बाई दिवसभर चिखलात भात लावते, पण नळी निघत नाही. ओढाल तेवढी ती घट्ट होते. काढायची तर बोट आत ढकलायचे, की सैल होते. हे मी लहानपणी पाहिले होते. कंपनीत तारा सरकतात म्हणून सगळे डोके धरून बसले होते, तेव्हा मला ती नळी आठवली. तार टाक्याने आवळली तर तुटते, सैल ठेवली तर सरकते; नळीने दोन्ही टळेल असे मी मांडले आणि सर्वांना पटले. एवढा भाग माझा आहे. तो कमी करून सांगणेही खोटे होईल.

पण आमची नळी टिकेना. नऊ महिने आम्ही धागे बदलले, विणीचे कोन बदलले. चाचणीच्या यंत्रावर खोकल्याएवढा झटका दिला की नळी सुटे. २०२१ च्या दिवाळीला मी घरी आले आणि अंगणात बसून शिंदीच्या पात्या विणत होते. आई गवताचा भारा टाकून माझ्याजवळ आली.

"कुणाला लागलं गं बाय?"

"कुणाला नाही, आये. कामाची आहे."

तिने नळी बोटात घातली आणि ओढली. नळी लगेच निघून आली. आई हसायला लागली.

"ही घालून आवणीला गेलीस तं नळी चिखलात नि बोट बोंबलत!"

"मग चुकतंय कुठं?"

"पाती उलटी घेतलीस. हात फिरवून बघ. ह्ये अंग गुळगुळीत, ह्ये खरखरीत. खरखरीत आत पायजे. नि पातीचं बूड नळीच्या तोंडाशी. नऊ म्हयने काय केलंत तिकडं पंख्याखाली बसून?"

मी पहिलीपासून आश्रमशाळेत राहिले. त्यानंतर आवणीच्या वेळी मी कधी घरी नव्हते. नळी मी पाहिली होती, आईच्या शेजारी बसून विणली कधीच नव्हती. म्हणून मला आकार ठाऊक होता आणि अंग ठाऊक नव्हते.

नाशिकला परतल्यावर आम्ही धाग्याच्या आतल्या बाजूला एकाच दिशेने वळलेली बारीक खरखर दिली. नळी टिकली. पेटंटच्या अर्जात नळीचे वेगळेपण म्हणून जे वाक्य आहे, ते याच खरखरीबद्दल आहे. ते वाक्य आईचे आहे. मी फक्त इंग्रजीत नेले.

२०२२ साली अर्ज भरताना शोधात सहभागी असलेल्या सर्वांची नावे मागितली होती. कंपनीच्या माहितीपत्रकात नावापुढे शिक्षणाचा रकाना होता. आमच्या विभागाच्या मोठ्या सरांच्या नावापुढे तीन पदव्या होत्या, माझ्यापुढे एक. तिसरे नाव लिहायला मी पेन टेकवले आणि पुढच्या रकान्यात काय लिहू ते मला सुचेना. पेटंटचे काम पाहणाऱ्या बाईंनी फोनवर विचारले, "आणखी कोणी?" मी म्हणाले, "नाही."

तो फोन एक मिनिटाचाही नव्हता. पण त्यानंतर माझे कौतुक झाले तेव्हा तेव्हा मला तो रिकामा रकाना दिसला.

गेल्या वर्षी जूनमध्ये वांगणीच्या वेणूच्या पाठीत ही नळी पहिल्यांदा बसली. सहा आठवडे वाकू नका, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. सोळाव्या दिवशी ती आवणीला गेली. तपासणीला आल्यावर तिने ते स्वतःच सांगून टाकले. डॉक्टर चिडले.

"वाकू नका म्हटलं होतं ना, बाई?"

"डाक्टर, भात काय उभ्यानं लावायचा?"

एक्स-रे फोटो काढला. तार होती तिथेच होती. डॉक्टरांनी तो फोटो दोनदा पाहिला आणि मला आत बोलावून दाखवला. खुर्चीत बसणाऱ्या माणसांसाठी केलेल्या तारा जगात पुष्कळ आहेत. दिवसभर वाकणाऱ्या बाईच्या पाठीत टिकलेली नळी आमच्या घरची आहे. मी त्या खोलीत उभी होते, पाय जळत होता, आणि मला इतका अभिमान वाटला की रडू येईल म्हणून मी भिंतीवरची सूचना वाचत राहिले. त्याच दिवशी ठरवले की नाव लागलेच पाहिजे.

तरी सरांकडे जायला मला आणखी वर्ष लागले. या ऑगस्टमध्ये मी त्यांच्यासमोर दोन नळ्या ठेवल्या, एक माझ्या पद्धतीची, एक आईने विणलेली. सर म्हणाले, "करिष्मा, आईबद्दल आदर आहे. पण पेटंट भावनेवर चालत नाही."

"सर, बोट घाला."

माझी नळी त्यांनी एका झटक्यात काढली. मग आईची घातली. ओढली, पुन्हा ओढली, उठून उभे राहून ओढली. बोट उजव्या हाताचे होते.

"निघत का नाही ही?"

"तोच तर शोध आहे, सर."

ते खाली बसले, बोट तसेच अडकलेले. मग म्हणाले, "हे तीन वर्षांपूर्वी का सांगितलं नाहीस?" मी खरे कारण सांगितले. बोट आत ढकलून नळी कशी काढायची ते मी दाखवले, आणि मोकळ्या झालेल्या हाताने त्यांनी संमतीची सही केली. त्यांच्याविषयी माझ्या मनात जी भीती होती, ती मी या कलमाने रद्द करते.

आईचे नाव जोडण्याचा अर्ज दोन सप्टेंबरला दिला आहे. पेटंट मंजूर होण्याआधीच ही दुरुस्ती व्हावी लागते आणि निर्णय अजून आलेला नाही. मला काही झाले तर माझा जबाब घ्यायला मी नसेन, म्हणून इथे लिहून देते: पातीचे खरखरीत अंग आत घेणे आणि बूड तोंडाशी ठेवणे, हा शोधाचा भाग माझी आई पोशी सोम्या कामडी हिने मला सांगितला. त्याआधी तो मला ठाऊक नव्हता. त्या दिवाळीची वही, तारखेसह, आणि आईने विणलेली मूळ नळी हर्षदाताईंकडे लाखबंद पाकिटात आहे. मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनी करावी आणि हा अर्ज शेवटपर्यंत लढवावा. तो फेटाळला गेला, तर पुढे दाद मागावी. बाकी कुठल्याही कलमात कुचराई झाली तर माझी तक्रार नाही. या कलमात होऊ नये.

सात. आईला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. हे वाक्य वाचून कोणी मला नावे ठेवू नयेत. ते कसे आले ते सांगते.

आधीच्या मसुद्यात आईला तीन गोष्टी होत्या. आज सकाळी हर्षदाताईंच्या कचेरीत तो वाचून झाल्यावर आई म्हणाली, "आण, कुठं अंगठा लावू?"

हर्षदाताई म्हणाल्या, "मावशी, ज्याला यातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. त्याचं मिळणं रद्द होतं."

"मंग मला काय मिळतंय?"

मी पुन्हा वाचले. फोन, कानातले, आणि नळीवरचे नाव.

"फोन मला लावता येत नाय, तो उमेशला दे. कानातलं तुझ्याच कानाला ऱ्हाऊ दे, तू काय मरत नायस. नि नळी तं माझीच हाय. नाव बी माझंच हाय. मंग तू देतेस काय?"

हर्षदाताईंनी पेन खाली ठेवले. "करिष्मा, मावशींचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे. ज्याचं आहे त्याला परत केलं, ते देणं होत नाही."

म्हणून फोन आणि कानातले मी खोडले. फोन कलम तीनमध्ये गेला. कानातले माझ्या कानात आहेत. मी वारले तर ते प्रगतीला. राहिली त्याच मसुद्यात बाबांच्या नावे लिहिलेली माझी टॉर्च. साक्षीदाराच्या नवऱ्यालाही मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे कळल्यावर ती मी त्यांना कचेरीच्या पायरीवरच देऊन टाकली. ते म्हणाले, "दिवसाढवळ्या कशाला?" पण ठेवून घेतली.

आठ. याआधी मी कुठलेही मृत्युपत्र केलेले नाही. शस्त्रक्रिया नीट झाली तर कदाचित हे मी बदलीन, पण कलम सहा बदलणार नाही. हा कागद मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर सही-अंगठा केला.

ठिकाण: जव्हार
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२५

(सही) करिष्मा सोम्या कामडी

साक्षीदार पहिली: सकू भिका वारे, राहणार खोडाळा. आरोग्यसेविका, वसतिगृहातली माझी मैत्रीण. मी शुद्धीत आहे, फक्त नेहमीसारखी घाबरलेली आहे, असे तिचे म्हणणे आहे. (सही)

साक्षीदार दुसरी: पोशी सोम्या कामडी, राहणार सूर्यमाळजवळचा पाडा. शिक्षणाचा रकाना या कागदात लागत नाही. तो मी मुद्दाम आखला आहे आणि माझ्या हाताने भरत आहे.
शिक्षण: शाळेत गेली नाही.
व्यवसाय: शेती आणि संशोधन.
(डाव्या हाताचा अंगठा)