केवळ काही माळी गायक आहेत

पाटणा,
गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५

सकाळी साडेसहाच्या बॅचमधल्या माझ्या एकतीस मुलामुलींनो,

अनेक आशीर्वाद. सगळे आपापल्या जागी खुशाल असाल. इकडे गंगेचं पाणी चढलंय, गल्लीत चिखल आहे, तरी क्लास भरलेला असतो. पुढच्या बाकांसाठी पहाटे पाचला वह्या ठेवून जागा धरतात, तुम्ही धरायचात तशाच.

तुमचं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. डिसेंबरात तुम्ही सहकारी बँकेच्या कारकून भरतीची परीक्षा दिलीत. जानेवारीत उत्तरतालिका आली आणि त्रेचाळिसाव्या प्रश्नाने तुमची नोकरी खाल्ली. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणजे एका प्रश्नाचा फरक सव्वा गुणाचा. तुम्ही एकतीस जण निवड यादीपासून त्या सव्वा गुणाच्या आतच मागे राहिलात. तालिका चुकीची आहे म्हणून आपण रस्त्यावर उतरलो आणि पुढे कोर्टात गेलो. कोर्टाने नेमणुका थांबवल्या आणि दोनशे बारा निवडलेले लोक तेव्हापासून घरी बसले आहेत.

हे मी व्हिडिओतून सांगितलं असतं तर दोन तासांत सगळ्या बिहारला कळलं असतं. पण मी बोलायला लागलो की माझ्या तोंडून टाळ्यांची वाक्यं येतात. कागदावर टाळ्या पडत नाहीत, म्हणून पत्र.

तो प्रश्न तुम्हाला तोंडपाठ आहे, तरी पुन्हा लिहितो. विधानं: केवळ काही माळी गायक आहेत. सर्व गायक पाहुणे आहेत. निष्कर्ष पहिला: काही माळी पाहुणे आहेत. निष्कर्ष दुसरा: सर्व माळी गायक असण्याची शक्यता आहे. तुम्ही सगळ्यांनी खूण केलीत, दोन्ही निष्कर्ष निघतात. तालिका म्हणते, फक्त पहिला.

या प्रश्नाची भाषा थोडी संदिग्ध होती, दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी.

वरचं वाक्य खोटं आहे. खोडत नाही, तुम्हाला दिसू दे. सात महिने मी ज्या दोरीला लटकलोय ती हीच. तालिका बरोबर आहे. 'काही माळी गायक आहेत' एवढंच म्हटलं, तर उरलेल्यांबद्दल आपल्याला ठाऊक नसतं. तेही गायक असू शकतात, शक्यता उघडी राहते. 'केवळ काही' म्हटलं की उरलेले गायक नाहीत, हे त्यातच सांगून झालेलं असतं. मग सगळे माळी गायक कुठून होणार? दार बंद. आणि तुम्हाला मी शिकवलं होतं, "केवळ हा शब्द शोभेचा. पेपर काढणाऱ्याने तो लांबी वाढवायला टाकलाय. त्यावर बोट ठेवा आणि पुढे चला." तुम्ही बोट ठेवलंत.

एकोणीस वर्षं मी हेच शिकवत होतो. जुन्या पेपरांत तो शब्द क्वचितच यायचा, म्हणून कधी अंगाशी आलं नाही. मग पेपरांची तऱ्हा बदलली. मी बदललो नाही. मला वेळ नव्हता, मी भाषणं करत होतो.

तुम्हाला ऑक्टोबरातला तो तास आठवतो का? सीतामढीची गुंजा कुमारी दाराजवळच्या बाकावर बसायची. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, लग्नघरात आई सांगत आली की केवळ काही पाहुणे जेवले, तर बाकीचे उपाशी आहेत हे कळतं ना? तिला कोणी विचारतं का, की बाई, सगळे जेवले असण्याची शक्यता आहे काय?"

इतका नेमका दाखला मला एकोणीस वर्षांत सुचला नव्हता. मी काय म्हणालो? "मग असं कर गुंजा, तू स्वयंपाक शिकव. रिझनिंग शिकवायला हा लाभ सर आहे." दोनशे चाळीस पोरं हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, लिट्टी पण तीच भाजेल." मी त्याला गप्प केलं नाही. हसू ओसरेपर्यंत खडू बोटांत फिरवत थांबलो. ती बसली, वही मिटली. परीक्षेत मात्र तिने माझं नाही, आईचं ऐकलं. ती दोनशे बारांत आहे.

आता जे सांगायचं ते मी तीन पानं टाळत आलोय. पहिली दोन फाडली.

तुमची समजूत अशी की मी चुकलो असेन तर नकळत चुकलो. तसं नाही. तालिका मंगळवारी दुपारी लागली. मी माडीवर गेलो, एका जाहिरातीच्या पाठीवर तीन वर्तुळं काढली. चहा निवायच्या आत मला कळलं होतं. तेवढ्यात खाली तुम्ही जमलात. चारशे तरी असाल. "लाभ सर, खाली या." मी खाली आलो. भाजीवाल्याच्या हातगाडीवर चढलो. त्या क्षणी मी म्हणू शकलो असतो की पोरांनो, चूक माझी आहे, घरी जा. त्याऐवजी मी काय बोललो ते तुमच्या फोनमध्ये आहे. हजारो जागा रिकाम्या, पेपर फुटतात, निकाल वर्षानुवर्षं लटकतात, आणि वरून तुमचं बरोबर उत्तर चूक ठरवतात.

त्यातलं शेवटचं सोडून सगळं खरं होतं, आणि मला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते. तुमचा राग खरा होता. तो कमवायला तुम्ही दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहून, सत्तूचं पीठ पाण्यात कालवून पिऊन, घरच्यांचे फोन चुकवून सात-सात वर्षं घातलीत. त्या रागाला मी खोटं कारण चिकटवलं. का, तेही ऐका. पुढच्या सोमवारी नवीन बॅच सुरू व्हायची होती आणि चौकातल्या फलकावर माझ्या फोटोखाली लिहिलेलं होतं, 'रिझनिंगमध्ये लाभ म्हणजे लाभच'. मला वाटलं, दोन दिवस ओरडतील, विसरतील. तुम्ही विसरला नाहीत. विसरायचं नाही, हेही मीच शिकवलं होतं.

गुंजा दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली होती. म्हणाली, "सर, उद्या पहिल्या तासाला तुम्हीच सांगा. तुमचं पोरं ऐकतील."

मी म्हणालो, "तू पास झालीस ना? मग गप्प बस."

"पास झाले म्हणूनच आले, सर. नापास झाले असते तर मीही हातगाडीसमोर उभी असते."

मी तिला जायला सांगितलं. शुक्रवारी मोर्चा निघाला आणि लाठ्या पडल्या. सुधांशू, तुझं उजवं मनगट त्या दिवशी मोडलं. मी मागे जीपमध्ये होतो. मार्चमधली रेल्वेची परीक्षा तुला प्लास्टरमुळे देता आली नाही. तुझे बाबूजी जमुईहून मला भेटायला आले होते, तुला माहीत नसेल. माझ्या पायांना हात लावायला वाकले, माझ्याहून वयाने मोठे. म्हणाले, "हात जुळेल मास्तर. पोराला तुमच्यासारखा पाठीराखा मिळाला, आम्हाला अजून काय हवं?" घरचं सत्तू दिलं, डबाभर. मी तो डबा घेतला. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

मग कोर्ट. वकील मी शोधले, अर्जावर तुमच्या सह्या मी घेतल्या, माझी नाही केली. विद्यार्थी मी नव्हे, असं म्हणालो. कायद्याने ते बरोबरच होतं. मला ते बरोबर असल्याचं फार बरं वाटलं होतं.

आज हे सगळं का लिहितोय? जुलैत गुंजा पुन्हा आली. नेमणूक अडकलेली, खोलीचं भाडं चालू, तिला काम हवं होतं. मी सराव परीक्षेच्या एकशे ऐंशी उत्तरपत्रिका आणि माझी तालिका तिच्यापुढे ठेवली. तीन दिवसांनी गठ्ठा परत आला. नीट तपासलेला, बेरजा केलेल्या. फक्त सतरावा प्रश्न एकशे ऐंशी पेपरांत कोरा, ना बरोबर ना चूक. तोही 'केवळ काही'चाच, आणि माझ्या तालिकेत तेच जुनं चुकीचं उत्तर. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, "तेवढा तुम्ही तपासा, सर. माझ्याच्यानं नाही होणार." आवाजात टोमणा नव्हता. हिशोब चुकला की दुकानदार जसा वही आपल्याकडे सरकवतो, तसा तिने गठ्ठा सरकवला आणि दारात चपला घालू लागली.

मी तपासायला बसलो. एकशे छप्पन्न जणांनी माझं उत्तर लिहिलं होतं. माझंच, जसं शिकवलं तसं. पहिल्या पेपरावर चुकीची खूण करायला मला किती वेळ लागला ते लिहीत नाही.

काल सकाळी फळ्यावर त्रेचाळिसावा प्रश्न नव्याने सोडवला आणि वर्गाला सांगितलं की मी चुकीचं शिकवत होतो. ऑक्टोबरातला दाखला सांगितला, कुणाचा तेही सांगितलं. हसलं कुणी नाही. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मग सर, कोर्टात गेलेल्या त्या दीदी-भैयांचं काय?" ते उत्तर तिच्याआधी तुम्हाला द्यायला हवं.

ते असं. निवड यादीची मुदत ३१ ऑगस्टला संपते. तोवर नेमणुका झाल्या नाहीत तर यादी रद्द. दोनशे बारा जण पुन्हा तुमच्याच रांगेत येऊन उभे राहतील, आणि त्यातल्या कित्येकांचं भरतीचं वय उलटलेलं असेल. गुंजाचं उलटलेलं असेल. तालिका बरोबर आहे, असं प्रतिज्ञापत्र मी कालच वकिलांकडे दिलं. पण ते म्हणाले, खटला चालू राहिला तर तारखा पडतच राहतील, यादी आधी मरेल. अर्जदारांनी स्वतः अर्ज मागे घेतला तर एका तारखेत निपटतं. तारीख बुधवारी, २० ऑगस्टला आहे. तुमच्यातल्या एकाचीही सही राहिली तरी खटला उभा राहतो.

निक्की, तू म्हणशील, "वा सर, खड्डा तुम्ही खणला आणि उडी आम्ही मारायची." हो. तसंच आहे. सही केल्यावर तुम्हाला काही मिळणार नाही. आजवर प्रत्येक भाषणात मी तुम्हाला काही ना काही देऊ केलंय, आज नाही. तुमचा सव्वा गुण मी घालवला, तो कुठल्याही कोर्टातून परत येत नाही. मला शिव्या द्या, फी मागा, चौकातल्या हातगाडीवर चढून माझं नाव घेऊन बोला, मी खाली उभा राहून ऐकेन. रिकाम्या जागांसाठी, फुटलेल्या पेपरांसाठी लढा, आणि कुणाच्या मागून जाऊ नका, माझ्याही नाही. पण ज्यांनी उत्तर बरोबर लिहिलं, त्यांना माझ्या चुकीची शिक्षा भोगायला लावू नका.

सोमवारी, १८ तारखेला, सकाळी दहा वाजता हायकोर्टासमोर वकील मिश्रांच्या ऑफिसात या आणि अर्ज मागे घेण्याच्या कागदावर सही करा. सुधांशू, मनगट दुखत असेल तर डाव्या हाताने कर, चालतं, मी विचारून ठेवलंय. मी आठपासून पायरीवर असेन. माझ्याशी बोलायची गरज नाही. वर जा, सही करा.

तुम्हाला चुकीचं शिकवणारा,
विपिनबिहारी लाभ