थंड व्हायची घाई

१२ जानेवारी, रविवार सकाळ

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. खोकला कसा आहे? आई फोनवर "बराय" म्हणते, म्हणजे बरा नसणार. माझं इथे मजेत चाललंय.

कामाचं विचारलं होतंत. ऐका, आणि हसू नका. दोन पांढऱ्या भुकट्या विजेच्या भट्टीत वितळवायच्या. पाण्यासारखा रस झाला की थंडगार लोखंडी पाट्यांच्या फटीत ओतायचा. पापणी लवते न लवते तोच दगड तयार! तो भरडायचा आणि त्या कणांची पोलाद घासायची चाकं बनवायची.

तुम्ही उभा जन्म फरश्यांच्या भट्टीवर काढलात. "भट्टी आपणहून निवेपर्यंत दाराला हात लावायचा नाही, घाई केली की तडा," हे मी पाळण्यात ऐकलं असेल. म्हणून पहिल्याच दिवशी मी रस जाड ओतून सावकाश निवू दिला. शहाणपणा नडला. आतले कण वाढून जाडेभरडे झाले आणि त्याचं बनवलेलं ग्राइंडरचं चाक पोलादाला टेकताच भुगा! ओतारी पोट धरून हसला. म्हणाला, "अहो, कणांना वाढायला वेळच द्यायचा नाही. दोन्ही जिन्नस एकमेकांत बारीक गुंतलेले असतानाच गोठवायचे."

ओतारी म्हणजे आमच्याकडे रस ओततो तो. उंच आहे, चहा फार गोड पितो, माझ्यावर चिडला की स्वतःशीच गाणं म्हणतो. हात मात्र स्थिर.

या पोरीच्या पत्रात ओतारीच फार, म्हणाल. बरोबर ओळखलंत.

आम्ही लग्न करतोय, बाबा. ओळख चार महिन्यांची. "चार महिन्यांत माणूस कळतो होय?" ऐकू आलं मला! स्वयंपाकघराला रंग कुठला द्यायचा यावर तुम्ही तीन वर्षं घालवलीत, आणि भिंत अजून तशीच आहे. आईलाही सांगितलं नाही, पहिलं तुम्हालाच सांगतेय. तुम्ही नाही म्हणालात तरी मी करणार. पण तुमच्याशिवाय मला ते गोड लागणार नाही.

सोबत एक पातळ तुकडा पाठवतेय. त्याने ओतला, मी पाटीवरून सोडवला. प्रत्येक फरशीला मारायचात तशी टिचकी मारा, कानाजवळ धरून. बद्द वाजला तर येऊ नका. खणखणीत वाजला, तर पुढच्या रविवारी सकाळची गाडी पकडा, विचार करत बसू नका. मी वाजवून पाहिलाय, पण काय वाजतो ते सांगणार नाही.

तुमचीच,
इतकी घाई करूनही तडा न गेलेली
धाकटी